चुलीला चालतं, बैलाला चालत नाही

आर्णीत अरुणावतीच्या पुलावर उभं राहून सांडपाण्याचा विषय काढा. चार माणसं जमतात आणि त्यातला एकजण हमखास विचारतो, "काहो, घरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवली का पाणी नितळ होते. मंग नाल्यात चार पोती तुरटी टाकून देल्ली त काम नाही होत का?" दुसरा त्याला तिथल्या तिथे खोडून काढतो, "काही टाकाले नाही लागत. वाहतं पाणी आपोआप साफ होते."

प्रश्न साधा आहे, पण त्यात सांडपाणी शुद्धीकरणाचे दोन मोठे पंथ बोलून गेले. पहिल्याचा विश्वास रसायनावर आहे. दुसऱ्याचा, त्याला माहीत नसलं तरी, जंतूंवर आहे. कारण वाहतं पाणी साफ होतं ते वाहण्यामुळे नव्हे. वाहताना त्यात हवा मिसळते, त्या हवेवर जंतू जगतात आणि ते घाण खातात, म्हणून ते साफ होतं.

दोघेही अर्धे बरोबर आहेत. उरलेला अर्धा भाग समजून घेणं गरजेचं आहे, कारण अरुणावतीत पडलेलं पाणी अरुणावतीत थांबत नाही. ते पैनगंगेत जातं, पैनगंगा वर्धा नदीला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत उतरते. आर्णीचा नाला शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. वाटेत कितीतरी गावांचे पाणवठे आहेत.

१. तुरटीने घाण गेली कुठे?

आधी तुरटीचं काम पाहू. दोन पेले घ्या. एकात शेतातली चिमूटभर काळी माती ढवळा, दुसऱ्यात चमचाभर साखर विरघळवा. दोन्हींत तुरटीचा खडा फिरवा आणि पेले तासभर हलवू नका. मातीचा पेला वरून नितळ होईल. साखरेच्या पेल्यात काहीच घडणार नाही. साखर जिथे होती तिथेच राहील.

असं का? मातीचे अतिबारीक कण पाण्यात तरंगत राहतात, कारण प्रत्येकावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे कण एकत्र येत नाहीत आणि बुडतही नाहीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार मारतं आणि स्वतःही कापसाच्या बोंडासारखे फुगीर, चिकट पुंजके तयार करतं. कण त्यात अडकतात, जड होतात आणि तळाला बसतात. साखर मात्र कण म्हणून तरंगत नाही. ती रेणू-रेणू होऊन पाण्यात विरघळलेली असते. तिला पकडायला तुरटीकडे काही नाही.

शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत हेच काम मोजूनमापून चालतं. त्याला जार टेस्ट म्हणतात. एका रांगेत सहा काचेची भांडी, प्रत्येकात तेच सांडपाणी आणि प्रत्येकात फिरणारी छोटी पट्टी. पहिल्यात तुरटी थोडी, पुढच्यात जरा जास्त, अशी चढती मात्रा. आधी जोरात ढवळायचं, मग हळू, मग थांबायचं. तिसऱ्या-चौथ्या भांड्यात पुंजके धरू लागतात आणि बर्फासारखे खाली उतरतात. सहाव्यात तुरटी इतकी होते की कधीकधी पाणी पुन्हा गढूळ दिसतं. जिथे कमीत कमी तुरटीत पाणी नितळलं, ती त्या दिवसाची मात्रा. उद्याचं पाणी वेगळं आलं तर मात्राही वेगळी.

आता दोन गोष्टी पक्क्या करू. पहिली, तुरटीने घाण नाहीशी होत नाही, तळाला जाते. तो गाळ कुणीतरी उपसावा लागतो. दुसरी, साखरेसारख्या विरघळलेल्या घाणीला तुरटी हात लावत नाही. आणि गावाच्या सांडपाण्यातली बरीच डोकेदुखी विरघळलेलीच असते.

२. गाळ फेकला नाही, म्हणून

विरघळलेली घाण खाणारं कुणीतरी हवं. ते काम जंतू करतात हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळलं होतं. अडचण वेळेची होती.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरला डेव्हीहुल्म नावाचं सांडपाणी केंद्र आहे. तिथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटलीत सांडपाणी घेऊन त्यात हवा फुंकायचा प्रयोग केला. पाणी पूर्ण साफ व्हायला पहिल्या वेळी सुमारे पाच आठवडे लागले. शहराचं पाणी पाच आठवडे कुणी साठवायचं? पण नंतर त्यांनी एक वेगळी गोष्ट केली. पाणी नितळल्यावर वरचं पाणी ओतून दिलं आणि तळाचा तपकिरी गाळ मात्र राखून ठेवला. त्याच गाळावर नवं सांडपाणी ओतलं, पुन्हा हवा दिली. असं करत करत गाळ वाढला आणि वेळ घटत गेला. पाच आठवड्यांचं काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं. १९१४ साली त्यांनी हे जाहीर केलं आणि त्या गाळाला नाव दिलं 'ॲक्टिव्हेटेड स्लज', म्हणजे जागा झालेला गाळ.

आपल्या घरात हे रोज घडतं. दूध आपोआप नासायला सोडलं तर काय होईल सांगता येत नाही. कालच्या दह्याचं विरजण लावलं की सकाळी दही तयार. आर्डर्न-लॉकेट यांनी सांडपाण्याचं विरजण शोधलं. या दोघांना ज्यांच्याकडून प्रेरणा मिळाली ते गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले, हा आपल्याकडचा धागा.

आज केंद्रावरचा ऑपरेटर या विरजणाची तब्येत एका साध्या उपकरणाने पाहतो. एक लिटरचं काचेचं मोजपात्र हवा फुंकण्याच्या टाकीतून भरून घ्यायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. तपकिरी गाळ एकसंध चादरीसारखा खाली सरकला आणि वर स्वच्छ पाणी राहिलं तर जंतू खुशीत आहेत. गाळ वरच तरंगत राहिला, पाणी धुरकट दिसलं, तर काहीतरी बिनसलंय.

जंतूंनाही संतुलित आहार लागतो. साधारण १०० भाग खाद्याला ५ भाग नत्र आणि १ भाग स्फुरद. घरगुती सांडपाण्यात हे आपसूक मिळतं, कारखान्याच्या पाण्यात बहुधा मिळत नाही. मग काय करतात? युरिया आणि डीएपीच्या पिशव्या आणून टाकतात. नवं केंद्र सुरू करताना शेणकाला आणि गूळही टाकतात. जीवामृत करणाऱ्या शेतकऱ्याला हे ऐकून हसू येईल, पण तत्त्व तेच आहे: जंतू वाढवायचे तर आधी त्यांना खाऊ घालायचं.

३. चूल आणि बैल

मग सगळं जंतूंवरच का सोडू नये? इथे या प्रकरणाची मुख्य गोष्ट येते, आणि ती समजायला यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याचं अंगण पुरेसं आहे.

अंगणात एका बाजूला ज्वारीचा कडबा रचलेला आहे, सोयाबीनचं कुटार आहे. दुसऱ्या बाजूला कापूस निघून गेल्यावर उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग आहे. कडबा चुलीत घातला तर जळेल. पऱ्हाटी घातली तर तीही जळेल, उलट जास्त चांगली जळेल. पण बैलापुढे टाका. कडबा तो संपवेल, वाळलेली पऱ्हाटी हुंगून बाजूला सारेल. चुलीला जे जे चालतं ते सगळंच बैलाला चालत नाही.

सांडपाण्याची तपासणी नेमक्या याच दोन प्रश्नांची आहे.

पहिली तपासणी चुलीची. पाण्याचा नमुना तीव्र गंधकाम्लात पोटॅशियम डायक्रोमेट या नारिंगी रसायनाबरोबर दोन तास उकळतात. पाण्यातली जवळजवळ सगळी सेंद्रिय घाण 'जळून' जाते. जितकी घाण जास्त, तितका नारिंगी रंग हिरव्याकडे झुकतो. ही सगळी घाण जाळायला किती प्राणवायू लागला असता, तो आकडा म्हणजे सीओडी.

दुसरी तपासणी बैलाची. तेच पाणी झाकणबंद बाटलीत, जंतूंसह, अंधारात ठेवतात. भारतात २७ अंश सेल्सियसला तीन दिवस. जंतूंनी घाण खाताना किती प्राणवायू वापरला, तो आकडा म्हणजे बीओडी.

चुलीचा आकडा नेहमी मोठा, बैलाचा लहान. खरी माहिती दोघांच्या गुणोत्तरात आहे. घरगुती सांडपाण्यात लिटरमागे सीओडी ५०० मिलिग्रॅम असेल तर बीओडी साधारण २५० निघतो. गुणोत्तर ०.५. म्हणजे ढिगात कडबा भरपूर आहे, जंतू कामाला लावा. आता एखाद्या रंगाईच्या पाण्यात सीओडी १००० आणि बीओडी २०० निघाला तर गुणोत्तर ०.२. हा ढीग बहुतांशी पऱ्हाटीचा. साधारण ०.३ च्या खाली गुणोत्तर गेलं की नुसत्या जंतूंवर विसंबून चालत नाही, असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

नदीत सोडायच्या पाण्यासाठी आपल्याकडच्या सर्वसाधारण मानकात लिटरमागे बीओडी ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. दोन आकडे का, ते आता लक्षात आलं असेल. बैलाने कडबा संपवला म्हणून अंगण साफ झालं असं होत नाही, पऱ्हाटी पडलेलीच असते. आणि पाण्यातली ही पऱ्हाटी नुसती पडून राहत नाही. ती रंग असू शकते, कीटकनाशक असू शकतं, विषारीही असू शकते.

४. हिराकशीची करामत

पऱ्हाटी बैलाच्या घशाखाली उतरवायची तर? पशुपालकांकडे या प्रश्नाचा एक भाऊबंद आहे आणि त्याचं उत्तरही आहे. गव्हाचं काड बैल नाखुशीने खातो, अंगीही फार लागत नाही. त्यावर युरियाची प्रक्रिया करतात. १०० किलो काडाला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, ढीग दाबून झाकायचा आणि तीन आठवडे उघडायचा नाही. युरियातून निघणारा अमोनिया काडाची चिवट वीण सैल करतो. मग बैलाच्या पोटातले जंतू आतपर्यंत पोहोचतात. आधी रसायनाने सैल केलं, मग जंतूंनी पचवलं. मात्रा चुकली तर तोच युरिया जनावराला विष ठरतो, हेही ध्यानात ठेवा, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पाण्यातली पऱ्हाटी सैल करणारं एक नामांकित रसायन-जोडपं आहे: हिराकस आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, झाडाची पानं पिवळी पडली की लोहासाठी फवारतात तेच. हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे पाण्याच्या रेणूत प्राणवायूचा एक जादा अणू. जखम धुताना फेस येतो ते औषध. केंब्रिजच्या हेन्री फेंटन या रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली दाखवलं की ही दोन एकत्र आली की टार्टारिक आम्ल झपाट्याने मोडतं. टार्टारिक आम्ल म्हणजे चिंचेला आंबटपणा देणारं आम्ल. फेंटनच्या डोळ्यांपुढे सांडपाणी नव्हतं. त्याच्या अभिक्रियेचा सांडपाण्यासाठी उपयोग पुढे कितीतरी वर्षांनी सुरू झाला.

आत काय घडतं? लोहाच्या धक्क्याने पेरॉक्साइड फुटतं आणि 'हायड्रॉक्सिल' नावाचा एक तुकडा सुटतो. त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो मिळवण्यासाठी तो समोर येईल त्यावर तुटून पडतो. रंग असो, औषध असो, निवड करत नाही. त्याचं आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी. तेवढ्यात मोठ्या रेणूचा एखादा सांधा तोडून तो संपतो. असे कोट्यवधी घाव बसले की मोठा रेणू लहान लहान तुकड्यांत विखुरतो. त्यातले बरेच तुकडे साधी सेंद्रिय आम्लं असतात आणि ती जंतूंच्या खाण्यातली असतात. पऱ्हाटीचं कुटार झालं म्हणा.

हेच काम ओझोन वायूही करतो. प्रखर अतिनील प्रकाशाने पेरॉक्साइड फोडूनही ते करता येतं. वाटा वेगळ्या, पण घाव घालणारा बऱ्याचदा तोच तुकडा असतो.

५. आधी कोण, मग कोण?

जोडी जमवताना सगळ्यात जास्त चुका क्रमात होतात. तीन मांडण्या लक्षात ठेवल्या तरी पुरे.

पहिली: आधी रसायन, मग जंतू. पाणी जंतूंना मारून टाकेल इतकं विषारी असेल तेव्हा ही. औषध कारखान्याचं किंवा कीटकनाशकाचं पाणी थेट हवेच्या टाकीत सोडलं तर महिनोन्‌महिने जोपासलेलं विरजण एका रात्रीत मरतं.

दुसरी: आधी जंतू, मग रसायन. पाणी बहुतांशी खाण्याजोगं असेल आणि शेवटी थोडा रंग, थोडं फॉस्फेट, रोगजंतू एवढंच उरत असेल तेव्हा. आपली तुरटी इथे मानाने परत येते. जंतूंनी सोडलेलं विरघळलेलं फॉस्फेट तुरटीतल्या ॲल्युमिनियमला चिकटून तळाला बसतं. फॉस्फेट नदीत गेलं की जलपर्णी माजते, म्हणून हे महत्त्वाचं. सगळ्यात शेवटी क्लोरीन, रोगजंतूंसाठी.

तिसरी: जंतू, रसायन आणि पुन्हा जंतू. सोपं आहे ते जंतूंनी आधी खाऊन घ्यावं, उरलेलं चिवट रसायनाने फोडावं, फोडलेलं पुन्हा जंतूंनी संपवावं.

सांध्यावर फार जपावं लागतं. फेंटनची अभिक्रिया आंबट पाण्यात चालते, सामू तीनच्या आसपास. जंतूंना सामू सातच्या आगेमागे हवा. म्हणून मध्ये चुना घालून पाणी सौम्य करावं लागतं, तेव्हा लोह विटकरी गाळ होऊन खाली बसतं. आणि पेरॉक्साइडचा अंश उरला तर? जखमेतले जंतू मारणारं औषध टाकीतल्या जंतूंवर दया करील का? युरियाच्या मात्रेची गोष्ट इथे आठवावी. रसायन आपलं काम करून पूर्ण संपलेलं असावं, मगच जंतूंचं दार उघडावं.

६. शंभर किलोचा हिशोब

पण फोडायचं किती? इथे हिशोब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले, सरळ.

एक लाख लिटर रंगीत पाणी आहे. लिटरमागे सीओडी १००० मिलिग्रॅम. म्हणजे एकूण १०० किलो सीओडी. आपल्याला ते २५० च्या खाली, म्हणजे २५ किलोच्या आत आणायचं आहे.

रसायनशास्त्राचं साधं गणित असं: एक किलो सीओडी पेरॉक्साइडने पूर्ण जाळायला सव्वादोन किलोला थोडं कमी शुद्ध पेरॉक्साइड लागतं. बाजारात ते ५० टक्क्यांचं मिळतं, म्हणजे कॅनमधलं जवळपास सव्वाचार किलो. जंतूंकरवी हेच करायचं तर हवा द्यावी लागते, आणि एक युनिट विजेत साधारण एक किलो प्राणवायू पाण्यात उतरतो. एका बाजूला सव्वाचार किलो रसायन, दुसऱ्या बाजूला एक युनिट वीज. भाव कितीही बदलले तरी कुणाचं पारडं जड ते उघड आहे.

सगळं काम रसायनाकडून करून घेतलं तर: ७५ किलो घालवायचं, म्हणजे ७५ गुणिले ४.२५, सुमारे ३१९ किलो पेरॉक्साइड.

आता तिसरी मांडणी लावा. आधी जंतूंनी ४० किलो खाल्लं आणि पुढे त्यांचं तोंड चालेना. उरलं ६०. रसायनाने त्यातलं १५ किलो जाळलं, पण ते करताना उरलेल्या ४५ किलोची मोडतोड झाली. मग पुन्हा जंतू आले आणि त्यांनी त्यातलं २५ किलो संपवलं. उरलं २०. मर्यादेच्या आत. पेरॉक्साइड किती लागलं? १५ गुणिले ४.२५, म्हणजे ६४ किलो. आधीच्या जेमतेम पाचव्या हिश्शात काम झालं.

फरक कशाने पडला? रसायनाला जाळायला सांगितलं नाही, फक्त तोडायला सांगितलं. तोडणं जंतूंना गिळता येईल इतपत झालं की थांबायचं. त्यापुढे टाकलेला प्रत्येक किलो पेरॉक्साइड जंतूंनी फुकटात खाल्लं असतं तेच जाळत राहतो. प्रत्यक्षात हा थांबायचा बिंदू कसा सापडतो? अधूनमधून नमुना घेऊन बीओडी आणि सीओडीचं गुणोत्तर पाहायचं. ०.२ चं ०.४ झालं की ढीग बैलापुढे टाकण्याजोगा झाला.

७. कापसाच्या मुलखातले दोन पेच

यवतमाळ जिल्हा कापसाचा. कापूस पुढे कापड होतो, आणि कापडाचं सांडपाणी या जोडीचं सर्वोत्तम उदाहरण आहे. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिम तयार होतं. डेनिमचा निळा रंग म्हणजे नीळ. तिची गंमत अशी की निळ्या रूपात ती पाण्यात विरघळतच नाही. तिला विरघळवायचं तर रसायनाने तिचं रूप बदलावं लागतं. मग ती पिवळट-हिरवी होते, सुतात शिरते आणि सूत हवेत आलं की हवेतल्या प्राणवायूने पुन्हा निळी होऊन आत अडकते. आज हे रूपांतर सोडियम हायड्रोसल्फाइटने करतात. पूर्वीच्या निळीच्या हौदांत हेच काम आंबवणारे जंतू करत. म्हणजे रसायन आणि जंतू यांची अदलाबदल रंगाऱ्याला आपल्या आधीपासून माहीत होती.

सूत विणण्याआधी त्याला खळ लावतात. तीत बहुधा स्टार्च असतं, घरच्या कांजीसारखं. कापड धुतलं की खळ पाण्यात उतरते. ही खळ म्हणजे जंतूंचा उत्तम कडबा. उरलेली नीळ न विरघळणारी, म्हणून तुरटी-चुन्याने बरीचशी तळाला बसवता येते. सुती कापडावरचे दुसरे चकचकीत रंग मात्र पाण्यात पूर्ण विरघळतात. ते तुरटीलाही दाद देत नाहीत आणि जंतूंनाही. तीच खरी पऱ्हाटी. इचलकरंजीसारख्या कापड-शहरात, पंचगंगेच्या काठी, प्रोसेस हाऊसच्या पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतो तो अशा मिसळीमुळे. एकाच पाण्यात तीन प्रकृतीची घाण आणि तिघींची औषधं तीन.

दुसरा पेच कीटकनाशकांचा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. जे औषध माणसाच्या मज्जासंस्थेवर घाव घालतं, त्याचा पंप नाल्यावर धुतला तर पाण्याचं काय होत असेल? कापसावरची बरीच औषधं सेंद्रिय फॉस्फरस गटातली असतात. त्यांच्या रेणूत एक नाजूक सांधा आहे. तो तुटला की विषारीपणा पुष्कळ उतरतो. अल्कधर्मी पाण्यात हा सांधा तुटतो, काहींचा चटकन, काहींचा फार सावकाश.

आणि जंतू? १९७३ साली एन. सेतुनाथन हे भारतीय शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी योशिदा यांनी फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत भातखाचराच्या पाण्यातून एक जंतू वेगळा केला. डायझिनॉन आणि पॅराथिऑन या गटातल्या कीटकनाशकांचा तो नेमका सांधा तोडत होता. ज्या खाचरात तेच औषध पुन्हा पुन्हा पडलं, तिथेच ते पचवणारा जंतू तयार झाला होता. पण तोडल्यावर पॅराथिऑनचा जो तुकडा उरतो तोही निरुपद्रवी नसतो. तो संपवायला आणखी कुणीतरी लागतं. म्हणून औषधाच्या पाण्यात घरी चुना ढवळून ते 'शुद्ध' झालं असं कुणी मानू नये. हे प्रयोगशाळेत मोजून करायचं काम आहे. शेतावर करण्याजोगी गोष्ट एकच: पंप धुतलेलं पाणी नाल्यात, विहिरीजवळ ओतू नये.

८. आर्णीएवढ्या गावाचं गणित

आता पुलावरच्या प्रश्नाकडे परत. ३० हजार वस्तीचं एक गाव धरू. नळयोजना आणि गटारं असलेल्या गावासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं मानतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. गावाचं झालं ३२ लाख ४० हजार लिटर, रोज. लिटरमागे बीओडी २५० मिलिग्रॅम धरला तर ८१० किलो.

तुरटीवाल्याचं ऐकलं आणि लिटरमागे १५० मिलिग्रॅम तुरटी घातली, तर रोज ४८६ किलो. पन्नास किलोची चार नव्हे, जवळपास दहा पोती, आणि तीही रोजच्या रोज. शिवाय विरघळलेली घाण तशीच, आणि तळाचा गाळ नाल्यातच. पेरॉक्साइडने नुसता एवढा बीओडी जाळायचा म्हटलं तरी रोज जवळपास साडेतीन टन. आणि आधीच ब्लीचिंग पावडर ओतली तर क्लोरीन घाणीशी आणि अमोनियाशी झगडण्यातच संपेल, रोगजंतूंपर्यंत पोहोचणार नाही.

वाहत्या पाण्यावर सोडलं तर? नदीतले जंतू खायला तयार आहेत, पण ८१० किलो खाण्यासाठी त्यांना जवळपास तितकाच प्राणवायू हवा. पाण्यात तो लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅमच विरघळलेला असतो. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा निभतं. मार्चनंतर पात्र आखडलं की प्राणवायू संपतो, मासे तडफडतात, पाणी काळं पडून वास येतो.

म्हणून घरगुती सांडपाण्यासाठी आधी जंतू, मग थोडं रसायन. यंत्राने हवा द्यायची तर रोज आठशेच्या घरात युनिट. जागा असेल आणि विजेचा भार नको असेल तर नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत आहे. खडी भरलेल्या वाफ्यांत कर्दळीसारखी पाणवनस्पती लावायची, पाणी मुळांमधून सावकाश जाऊ द्यायचं. काम मुख्यतः मुळांवर आणि खडीवर बसलेले जंतूच करतात. शेवटी लिटरमागे ५ मिलिग्रॅम क्लोरीन धरला तर रोज १६ किलो, म्हणजे साधारण ५० किलो ब्लीचिंग पावडर. पंचवीस किलोच्या दोन बॅगा. पुलावरचा माणूस चार पोती म्हणाला होता. पोती लागतात, पण तुरटीची नव्हेत, आणि सुरुवातीला नव्हे, शेवटी.

असं साफ केलेलं पाणी कुठे वापरतात? नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला देण्याची योजना महानगरपालिका आणि महानिर्मिती यांनी मिळून उभी केली. तिची क्षमता रोज १३ कोटी लिटरची. जे पाणी नाग नदीने काळं करून पुढे नेलं असतं, ते वीजकेंद्राला थंड ठेवतं आणि तेवढं पेंच धरणाचं पाणी वाचतं.

राहतो एक धोका. गावाच्या साध्या सांडपाण्यात रंगाईचं, गॅरेजचं, औषधांचं पाणी मिसळलं की कडब्यात पऱ्हाटी मिसळते. मग थोड्याशा चिवट घाणीसाठी सगळ्या ३२ लाख लिटरवर महागडं रसायन वापरायची पाळी येते. ते पाणी उगमाशीच वेगळं ठेवलं, तर रसायन त्या थोड्या पाण्यापुरतं लागतं आणि बाकीचं काम जंतू हवेच्या खर्चात उरकतात.

कुठलाही शेतकरी कडबा चुलीत घालत नाही आणि पऱ्हाटी गव्हाणीत टाकत नाही. दोन ढीग तो अंगणात आधीच वेगळे रचतो. सांडपाणी केंद्राचा आराखडा करणाऱ्याने पहिल्या दिवशी नेमकं एवढंच करायचं असतं.